राक्षसाच्या आधी बोनस: जुन्या विज्ञानपटांतलं राजकारण आणि अर्थकारण

रिडली स्कॉटच्या १९७९ सालच्या 'एलियन'मध्ये तो भयानक जीव पडद्यावर यायला बराच वेळ लागतो. त्याच्या आधी येतो बोनसचा वाद. नॉस्ट्रोमो नावाचं मालवाहू यान २ कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडे परत निघालंय. यानावरचे सात जण लांबलचक झोपेतून उठून जेवायला बसतात. इंजिनाशी झटणारे पार्कर आणि ब्रेट कॅप्टन डॅलसकडे विषय काढतात: आम्हाला पूर्ण वाटा मिळाला पाहिजे. डॅलस म्हणतो, करारात ठरलंय तेवढं मिळेल, इतरांना मिळतं तसंच. ब्रेटचं उत्तर तयार असतं. इतरांना आमच्यापेक्षा जास्त मिळतं.

थोड्याच वेळात एक अनोळखी संदेश येतो. हे मालवाहू यान आहे, कुणाच्या मदतीला धावणं आपल्या कामात बसत नाही, असं पार्कर सांगून बघतो. तेव्हा विज्ञान अधिकारी अ‍ॅश शांतपणे करारातल्या एका कलमावर बोट ठेवतो. बुद्धिमान जीवांकडून आलेला असू शकेल असा कुठलाही संदेश तपासायलाच हवा. नाही तपासला तर सगळा वाटा जप्त, हातात एक पैसा पडणार नाही. पार्कर गप्प बसतो आणि यान त्या ग्रहाकडे वळतं. पुढच्या सगळ्या मृत्यूंची सुरुवात अशी होते, कष्टाचे पैसे बुडतील या भीतीतून.

मला हे चित्रपट मनापासून आवडतात, आणि ते 'करमणूक' म्हणून बाजूला सारले जातात याचं वाईट वाटतं. यंत्रमानव, परग्रहवासी, महाकाय प्राणी यांच्यामागे जवळजवळ नेहमी एखादा कागद असतो: करार, आदेश, गुपित ठेवलेला अहवाल, हमीपत्र. धोका कुणी पत्करायचा, फायदा कुणाच्या खिशात जायचा आणि चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे त्या कागदावर ठरलेलं असतं. राजकारण आणि अर्थकारण म्हणजे तरी दुसरं काय?

'एलियन'मधला खरा कागद यानावरची अधिकारी रिपली हिला उशिरा सापडतो. डॅलस गेल्यावर यानाच्या मुख्य संगणकाशी थेट बोलायचा अधिकार तिच्याकडे येतो आणि पडद्यावर कंपनीचा विशेष आदेश क्रमांक ९३७ उमटतो. तो जीव परत आणणं सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं दुय्यम, कर्मचारी गेले तरी चालतील. अ‍ॅशची नेमणूक यान निघायच्या जेमतेम दोन दिवस आधी झालेली असते आणि तो माणूस नसून यंत्रमानव असतो, हेही याच सुमारास उघड होतं. म्हणजे ज्या संदेशाला सगळे 'अचानक आलेला' समजत होते, त्याची कंपनीला आधीच कल्पना होती. जेवणाच्या टेबलावर दोन कामगार वाट्यासाठी घासाघीस करत होते, तेव्हा त्यांच्या जिवाची किंमत कुठल्या तरी कार्यालयात ठरून गेलेली होती.

अर्थशास्त्रात या प्रकाराचं वर्णन असं करतात: व्यवहारातल्या एका बाजूला सगळी माहिती आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अशा वेळी करारावर दोघांच्या सह्या असल्या तरी तो बरोबरीच्यांमधला करार राहत नाही. पार्करने सही केली ती खनिज वाहून नेण्यासाठी. त्याच सहीचा वापर त्याला आमिष म्हणून पाठवायला झाला.

१९८६ साली जेम्स कॅमेरॉनने केलेल्या पुढच्या भागात, 'एलियन्स'मध्ये, या हिशेबाचा शेवट दिसतो. ५७ वर्षं अंतराळात झोपेत काढून रिपली परत येते, तर चौकशी समितीला रस असतो तिने उडवून दिलेल्या यानात. किंमत ४ कोटी २० लाख डॉलर, तीही आतला माल सोडून. पाच माणसं मेली, हा त्या बैठकीचा विषय नसतोच. उलट रिपलीचाच परवाना काढून घेतला जातो.

पहिल्या चित्रपटात कुणी कंपनीचं नाव घेत नाही. सगळे नुसतं 'कंपनी' म्हणतात. यानाचं नाव मात्र विचारपूर्वक निवडलेलं आहे. जोसेफ कॉनरॅडची 'नॉस्ट्रोमो' ही १९०४ सालची कादंबरी दक्षिण अमेरिकेतल्या एका कल्पित देशातली चांदीची खाण आणि तिच्यात गुंतलेला परदेशी पैसा यांच्याभोवती फिरते. खाण, दूरचे भागधारक आणि जागेवर मरणारी माणसं हा धागा तिथून आला आहे. आपल्याला तर तो कल्पित वाटायचं कारणच नाही. १८५८ पर्यंत या देशाच्या मोठ्या भागावर राज्य होतं ते एका व्यापारी कंपनीचं. तिचे भागधारक लंडनमध्ये बसून लाभांश घ्यायचे आणि तिच्याकडे स्वतःची फौज होती. 'कंपनी सरकार' हे शब्द आपल्याकडे जोडीने बोलले गेले आहेत.

आता मागे जाऊ, १९२७ सालच्या बर्लिनमध्ये. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारीला तिथे पहिल्यांदा दाखवला गेला. उफा या जर्मन चित्रपट कंपनीने ठरवलेला १५ लाख मार्कांचा खर्च ५० लाखांच्या वर गेला होता. गोष्ट साधी आहे. वर झगमगती शहरं आणि बागा, खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती, मध्ये यंत्रं. शहराचा मालक योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर खाली उतरतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर एका यंत्राचा स्फोट होतो.

या चित्रपटाबद्दल लिहिताना सगळे त्यातल्या इमारतींवर आणि चकचकीत यंत्रमानवावर लिहितात. माझं लक्ष मात्र दर वेळी घड्याळाकडे जातं. सुरुवातीलाच मोठं घड्याळ दिसतं, आणि त्यावर आकडे १० आहेत. पाळी १० तासांची, म्हणून कामगारांचा काळच दहात मोजलेला. पुढे फ्रेडर एका थकलेल्या कामगाराला बाजूला करून स्वतः यंत्रावर उभा राहतो. ते यंत्रही भल्यामोठ्या तबकडीसारखं आहे. कडेला दिवे लागतात, त्या त्या दिव्यापर्यंत काटे ओढत न्यायचे, लगेच दुसरे दिवे लागतात. यातून नेमकं काय तयार होतं ते चित्रपट सांगत नाही, आणि कामगारालाही ते माहीत नसतं. शेवटी फ्रेडर काट्यांवर अक्षरशः लटकतो आणि बापाला हाक मारून विचारतो, हे १० तास कधी संपणारच नाहीत का?

बर्लिनच्या प्रेक्षकाला १० हा आकडा नुसती कल्पना वाटली नसणार. १९१८ च्या क्रांतीत जर्मन कामगारांनी आठ तासांचा दिवस मिळवला होता. १९२३ मध्ये चलन कोसळलं, ब्रेडच्या तुकड्याला अब्जावधी मार्क पडू लागले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने वटहुकूम काढून १० तासांच्या पाळीला वाट मोकळी करून दिली. लांग आणि त्याची पत्नी, पटकथाकार थेआ फॉन हार्बू, हा चित्रपट रचत होते तेव्हा ती जखम ताजी होती.

चित्रपटातलं राजकारण मात्र वाटतं त्याहून गुंतागुंतीचं आहे. कामगारांना धीर देणाऱ्या मारियाच्या रूपाचा यंत्रमानव बनवायला फ्रेडरसन स्वतः सांगतो. त्याला कामगारांनी भडकायला हवं असतं. त्यांनी हात उचलला की त्यांच्यावर हात उचलायचा हक्क त्याला मिळणार. आंदोलनात आपलीच माणसं घुसवून दगडफेक घडवायची आणि मग बंदोबस्ताला मोकळं व्हायचं, हा डाव १९२७ मध्येही जुनाच होता. तो पडद्यावर इतक्या स्पष्टपणे मांडलेला पाहून मी चाट पडलो होतो.

आणि मग येतो शेवट, जो मला कधीच पटलेला नाही. डोकं आणि हात यांच्यामध्ये दुवा हृदयाचा हवा, असा संदेश देऊन फ्रेडर बापाचा हात मुकादमाच्या हातात देतो. बस्स. पाळी किती तासांची राहील? यंत्रं कुणाच्या मालकीची? खालच्या वस्तीला पाण्याने बुडवलं, ती कोण बांधून देणार? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. पुढे खुद्द लांगनेही हा शेवट म्हणजे परीकथा असल्याचं मान्य केलं. मालकाचं मन वळलं की सगळं सुरळीत होतं, ही कल्पना मालकांना फार सोयीची असते. कायदा, संघटना, वेतनकरार असल्या गोष्टींची मग गरजच उरत नाही.

विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सने त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये या चित्रपटाची सालटी काढली. त्याचा मुद्दा निव्वळ अर्थशास्त्राचा होता. यंत्रांनी ढीगभर माल तयार होत असेल आणि बहुसंख्य लोक कंगाल असतील, तर तो माल घेणार कोण? मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायचं तर मोठ्या प्रमाणावर गिऱ्हाइकं लागतात, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे लागतात. १९१४ साली हेन्री फोर्डने दिवसाला ५ डॉलर देऊ केले, त्यामागे कामगार टिकवण्याचं गणित होतं; पण त्याच पगारातून पुढे कामगारही मोटारी घेऊ लागले. वेल्सचा हा युक्तिवाद भक्कम आहे. चुकला तो एका ठिकाणी: यंत्र आलं की राबणारा माणूस आपोआप सुटेल असं त्याने गृहीत धरलं. यंत्रामुळे वाचलेला वेळ कामगाराच्या पदरात पडेल की मालकाच्या, हे यंत्र ठरवत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती आपल्याकडे फारशी माहीत नाही. थेआ फॉन हार्बूने लांगपासून वेगळी झाल्यावर तीसच्या दशकात लग्न केलं ते बर्लिनमध्ये राहणाऱ्या एका मराठी पत्रकाराशी, आयी तेंडुलकरांशी. लांग १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. हार्बू तिथेच राहिली आणि नाझी राजवटीत चित्रपट लिहीत राहिली. तेंडुलकर युद्धाच्या सुमारास भारतात परतले आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 'मेट्रोपोलिस'च्या गोड शेवटाकडे बघताना मला ही दोन टोकांची आयुष्यं आठवतात.

कामगार आणि मालक यांच्यात समेट घडवून आणणारा दुसरा एक चित्रपट आहे, आणि तो 'मेट्रोपोलिस'पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. अलेक्झांडर मॅकेंड्रिकचा 'द मॅन इन द व्हाइट सूट', १९५१, ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओचा. वरवर विनोदी. अ‍ॅलेक गिनेस यात सिडनी स्ट्रॅटन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचं काम करतो. तो एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत असा धागा शोधून काढतो, जो मळत नाही आणि झिजतही नाही. त्याच्यावर रंग चढत नाही, म्हणून त्याचा पहिला सूट पांढराशुभ्र, अंधारात चमकणारा.

सिडनीला वाटतं, जग आपल्याला डोक्यावर घेईल. आधी गिरणीमालकांच्या लक्षात येतं: एकदा घेतलेला कपडा फाटलाच नाही, तर दुसरा कोण घेणार? मग कामगारांच्याही तेच लक्षात येतं: एकदा सगळ्यांचे कपडे विणून झाले की आपल्याला काम काय? एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष एका खोलीत बसतात आणि या शोधाचं काय करायचं यावर त्यांचं चटकन एकमत होतं. मालकांना हवी असते फक्त एका कागदावर सिडनीची सही, म्हणजे हक्क विकत घेऊन तो शोध कपाटात कायमचा बंद करता येईल. तो सही करत नाही, म्हणून त्याला कोंडून ठेवतात.

चित्रपटातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं वाक्य मालकाच्या किंवा कामगार पुढाऱ्याच्या तोंडी नाही. सिडनी पळत सुटलेला असतो आणि वाटेत त्याला त्याची घरमालकीण भेटते. म्हातारी, लोकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवणारी. अंग झाकायला तिच्याकडे काही तरी मागणाऱ्या सिडनीला ती विचारते, तुम्ही शास्त्रज्ञ लोक आहे ते तसंच का राहू देत नाही? धुण्यासारखं काही उरलंच नाही तर माझ्या धुण्याचं काय? सिडनीचा चेहरा पडतो. मालकांच्या युक्तिवादाला त्याच्याकडे उत्तर होतं, कामगारांच्याही होतं. या बाईला द्यायला उत्तर नसतं.

चित्रपटातली भीती पोकळ नव्हती. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात जगातल्या बड्या दिवेउत्पादकांनी फिबस नावाचं संगनमत केलं. १५००-२००० तास चालणाऱ्या दिव्यांचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरलं, आणि ज्याचे दिवे त्याहून जास्त टिकतील त्याला दंड. वस्तू मुद्दाम लवकर मरेल अशी बनवायची, म्हणजे विक्री चालू राहते. दुसरीकडे नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झालं होतं, १९४१ मध्ये ब्रिटनमध्येच टेरिलीनचा शोध लागला होता, आणि लँकेशायरच्या सुती गिरण्या उतरणीला लागल्या होत्या. त्यामुळे पांढरा सूट त्या काळच्या प्रेक्षकाला अगदी दारात आलेला वाटला असेल.

शेवटी जमाव सिडनीला गाठतो आणि सूट हातात तुकड्यातुकड्याने निघून येतो. धागा टिकाऊ नव्हताच. सगळे सुटकेचा श्वास टाकून हसतात. इथे मॅकेंड्रिक प्रश्न सोडवल्याचं नाटक करत नाही. धुणंवालीची रोजी आजच्यापुरती वाचली, पण सिडनी आपली वही चाळत चालू लागतो आणि मध्येच त्याला काहीतरी उमजतं. तंत्रज्ञानाने एकाचं काम गेलं आणि समाजाचा फायदा झाला, तर त्या फायद्यातला हिस्सा त्या एकाला कसा पोचवायचा, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. आज संगणक लेखन, भाषांतर, हिशेब करू लागलेत, त्यामुळे हा चित्रपट पुन्हा बघण्यासारखा आहे.

पन्नाशीच्या दशकातल्या विज्ञानपटांवर शीतयुद्धाची सावली होती हे बहुतेकांना माहीत असतं. डॉन सीगलच्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'मध्ये १९५६ साली एका अमेरिकन गावातली माणसं एकेक करून भावनाशून्य प्रतिकृतींमध्ये बदलतात. कुणाला त्यात कम्युनिस्टांची घुसखोरी दिसली, कुणाला सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळातला निमूट मान डोलावणारा शेजारी. दोन्ही अर्थ लागतात, कारण शेजाऱ्यावर विश्वास उरलेला नाही ही भावना दोन्हीकडे सारखी आहे. स्टुडिओला मूळचा निराश शेवट झेपला नाही. त्यांनी पुढे-मागे जादा प्रसंग जोडले आणि शेवटी एफबीआयला फोन लावून दिला.

जपानी 'गोजिरा' मात्र थोडा थांबून बघावा असा आहे. आपल्याकडे गॉडझिला म्हणजे इमारती तुडवणारा प्राणी एवढंच पोचलं, कारण बाहेरच्या जगाने आधी पाहिली ती १९५६ सालची अमेरिकन आवृत्ती, जिच्यात एक अमेरिकन पत्रकार घुसडला होता आणि मूळचं बरंचसं राजकारण कापलं होतं. इशिरो होंडाचा मूळ चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ चा. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, आणि बंदी घातलेल्या पट्ट्याच्या बाहेर असलेल्या एका जपानी टूना बोटीवर किरणोत्सारी राख पडली. २३ खलाशी आजारी पडले. त्यांच्यातला रेडिओ चालवणारा सप्टेंबरात वारला. बाजारातला टूना फेकून द्यावा लागला. चित्रपट सुरू होतो तोच समुद्रात चमकलेल्या प्रखर प्रकाशाने आणि बुडणाऱ्या बोटीने.

त्यात संसदेचा एक प्रसंग आहे. हा प्राणी अणुचाचण्यांमुळे बाहेर आला, असं शास्त्रज्ञ पुराव्यानिशी सांगतात. लगेच एक सदस्य उठून म्हणतो, हे जाहीर करू नका. आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील, अर्थव्यवस्थेवर परिणाम होईल, लोकांत घबराट पसरेल. समोरच्या बाकावरच्या महिला सदस्य उसळतात: जे खरं आहे ते लोकांना कळलंच पाहिजे. सभागृहात गोंधळ माजतो. अमेरिकेचा ताबा संपून जेमतेम दोन वर्षं झालेल्या देशात हा प्रसंग चित्रित करायला धैर्य लागलं असणार. दोन बलाढ्य देशांच्या शर्यतीचा खर्च कोळ्यांच्या बोटीवर टाकला गेला होता, आणि त्याची पावती लपवायला त्यांचंच सरकार निघालं होतं.

आता एका अशा चित्रपटाकडे येतो, ज्याच्याशी माझं भांडण आहे. रिचर्ड फ्लायशरचा 'सॉयलेंट ग्रीन', १९७३. काळ दाखवलाय २०२२ चा. न्यूयॉर्कची वस्ती ४ कोटी, जिन्याजिन्यावर झोपलेली माणसं, खायला सॉयलेंट कंपनीच्या रंगीत वड्या. हिरवी वडी फक्त मंगळवारी मिळते. ती संपली की लोक खवळतात आणि पोलीस जेसीबीसारख्या यंत्रांनी माणसं उचलून मागे टाकतात. या वड्या कशाच्या बनतात हे रहस्य आता सगळ्यांना ठाऊक आहे: मेलेल्या माणसांच्या.

चित्रपटाचं म्हणणं असं की लोकसंख्या वाढली, अन्न संपलं. तेव्हाच्या वातावरणात हेच होतं. पॉल एर्लिकचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' १९६८ मध्ये आलं होतं, आणि त्याची सुरुवात दिल्लीच्या गर्दीतून जाणाऱ्या टॅक्सीतून होते. रस्त्यावर खाणारी, झोपणारी, धुणारी माणसं बघून लेखकाला धसका बसतो. गरीब देशांतली माणसं हीच समस्या, असा तो सूर होता.

पण चित्रपटातले प्रसंग त्याच्या संदेशापेक्षा शहाणे आहेत. खून झालेल्या धनाढ्याच्या घरात स्ट्रॉबेरीची बरणी आहे, १५० डॉलरची. साबण आहे, गरम पाणी आहे. पोलीस अधिकारी थॉर्न तिथून मांसाचा तुकडा, थोडी भाजी, एखाददुसरं फळ उचलून आणतो, आणि त्याचा म्हातारा सोबती सॉल ते मांस बघून रडतो. एडवर्ड जी. रॉबिन्सनची ही शेवटची भूमिका. दोघे सावकाश, एकेक घास चाखत जेवतात. म्हणजे अन्न संपलेलं नव्हतं. ते महाग होतं, आणि एका कंपनीच्या हातात होतं.

ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. १९७२ चा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना लाल मिलो आणि सुकडी आजही आठवते. राज्यात धान्य फारच कमी पिकलं होतं. एर्लिकच्या तर्काने मृत्यूचं थैमान व्हायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण सरकारने ठिकठिकाणी कामं काढली: खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. हातात मजुरी आली तसं धान्य गावाकडे येऊ लागलं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या त्यांच्या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून हेच दाखवलं: माणसं बहुधा मरतात ती अन्न नसतं म्हणून नव्हे, अन्न घ्यायची ऐपत नसते म्हणून. पुढे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या या अनुभवाचा बारकाईने अभ्यास केला.

त्या दुष्काळी कामांच्या अनुभवावर वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली. 'मागेल त्याला काम' याला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. तो आजही पगाराच्या पावतीवर दिसतो. मला हा कर भरताना कधी जड गेलेलं नाही. 'सॉयलेंट ग्रीन'च्या जगात नेमकी हीच गोष्ट नाही: वरच्या मजल्यावरून खाली वाहणारा पैशाचा एक तरी पाट.

जगायला लागणारी गोष्ट एकाच्या हातात गेली की काय होतं, याचं आणखी उघड उदाहरण पॉल व्हरहोवनच्या १९९० सालच्या 'टोटल रिकॉल'मध्ये आहे. मंगळावर हवा विकत घ्यावी लागते आणि ती तिथला प्रशासक कोहेगन याच्या ताब्यात असते. बंडखोरांना शरण आणायला तो एका अख्ख्या वस्तीची हवा बंद करतो. पाणी, वीज, औषधं यांच्या मक्तेदारीवर चर्चा ऐकताना हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवावं.

व्हरहोवनचाच १९८७ सालचा 'रोबोकॉप' मात्र याहून मोठी कामगिरी आहे. तो काळ अमेरिकेचे अध्यक्ष रीगन यांचा. १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांवर हवाई वाहतूक नियंत्रकांना त्यांनी एका फटक्यात कामावरून काढलं होतं. १९८३ मध्ये अमेरिकेत खाजगी तुरुंग चालवणारी पहिली मोठी कंपनी निघाली. शाळा, तुरुंग, पोलीस, काहीही खाजगी कंपनी स्वस्तात चालवेल, असा विश्वास बोकाळला होता. चित्रपटात डेट्रॉइटचं पोलीस खातं ओसीपी नावाच्या कंपनीकडे ठेक्यावर आहे. तिला जुनं शहर पाडून डेल्टा सिटी उभारायची आहे.

बैठकीच्या खोलीत कंपनीचा वरिष्ठ अधिकारी डिक जोन्स ईडी-२०९ हे पोलिसी यंत्र दाखवतो. एका तरुण अधिकाऱ्याला यंत्रावर पिस्तूल रोखायला सांगतात. तो पिस्तूल खाली टाकतो, पण यंत्राला ते कळत नाही आणि ते त्याची चाळण करतं. प्रेत टेबलावर पडलेलं असताना कंपनीचा प्रमुख जोन्सला म्हणतो, तुझ्यामुळे फार निराशा झाली. काळजी कसली, तर बांधकाम सहा महिन्यांत सुरू व्हायचंय आणि उशीर झाला तर नुसत्या व्याजाचे ५ कोटी डॉलर जातील. पुढे जोन्स आणखी मोकळेपणाने बोलतो. या यंत्राला लष्करी गिऱ्हाईक पक्कं होतं, २५ वर्षं सुट्या भागांची विक्री होती; ते चालतं की नाही याची पर्वा कोण करतो? सरकारी खरेदीचा ठेका कसा काम करतो हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं दृश्य मला माहीत नाही. गिऱ्हाईक जनतेच्या पैशाने घेतं, माल दुसऱ्यांवर चालवला जातो, आणि नफा दुरुस्तीत असतो.

जोन्सचा प्रतिस्पर्धी मॉर्टन मग आपली योजना पुढे रेटतो. त्याला यंत्रात बसवायला एक मेलेला पोलीस हवा असतो, म्हणून तो चांगल्या पोलिसांच्या बदल्या धोक्याच्या ठाण्यांमध्ये करवतो. मर्फी हा त्यांतलाच एक. पहिल्याच दिवशी त्याच्या शरीराची चिरफाड होते. डॉक्टरांनी त्याचा एक हात वाचवलेला असतो. मॉर्टन तोही काढून टाकायला लावतो. याला अधिकार कुणी दिला? उत्तर पुन्हा कागदात. नोकरीला लागताना मर्फीने हमीपत्रावर सही केली होती. कायद्याने तो मेलाय, आता त्याचं काहीही करता येतं. पार्करच्या वाट्याच्या कलमापासून मर्फीच्या हमीपत्रापर्यंत मजकूर फारसा बदललेला नाही.

रोबोकॉपच्या डोक्यात तीन नियम उघडपणे घातलेले असतात: जनतेची सेवा, निरपराधांचं रक्षण, कायद्याची अंमलबजावणी. चौथा गुप्त असतो. जोन्सला अटक करायला गेल्यावर त्याचं शरीरच बंद पडू लागतं, तेव्हा तो कळतो: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हात लावायचा नाही. खाजगीकरणावरच्या वादात आपण बहुतेक वेळा सेवा स्वस्त झाली का, चांगली झाली का, एवढंच विचारतो. सेवा देणाऱ्याला धरायची वेळ आली तर कोण धरणार, हा प्रश्न या चौथ्या नियमात आहे.

खऱ्या डेट्रॉइटची वस्ती १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, १९९० पर्यंत ती सव्वादहा लाखांच्या आसपास आली. मोटारीचे कारखाने गेले, कर भरणारे गेले, देणी राहिली. मार्च २०१३ मध्ये राज्य सरकारने शहरावर एक आपत्कालीन व्यवस्थापक नेमला आणि निवडून आलेल्या नगरसभेचे बरेचसे अधिकार त्याच्या हातात गेले. जुलैमध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. तडजोडीत निवृत्त सामान्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमधून साडेचार टक्के कापले गेले. त्यांनीही कधी काळी कागदावर सह्या केल्या होत्या, आणि त्या कागदावर पूर्ण पेन्शन लिहिलेलं होतं.

चित्रपटाच्या शेवटी जोन्स प्रमुखाला ओलीस धरतो. रोबोकॉप समोर उभा असतो, पुरावा त्याच्याकडे असतो, तरी चौथ्या नियमामुळे त्याचा हात उठत नाही. मग प्रमुख ओरडतो की डिक, तुला नोकरीवरून काढलंय, आणि त्या क्षणी जोन्स अधिकारी राहत नाही. रोबोकॉप गोळी झाडतो. चित्रपटगृहात इथे टाळ्या पडतात, मलाही दर वेळी बरं वाटतं. पण गुन्हेगाराला शिक्षा होण्यासाठी आधी कंपनीने त्याला कामावरून काढावं लागलं. पोलीस खातं ओसीपीकडेच राहतं, डेल्टा सिटीचा बेत रद्द झाल्याचं कुणी सांगत नाही, आणि मर्फीच्या डोक्यातून चौथा नियम कुणी काढलेला नसतो.